अभिवृत्तीच्या मोजपट्टीपलीकडे : समावेशक शिक्षण आणि शिक्षक यांविषयीच्या संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

शिक्षणशास्त्राच्या क्षेत्रात गेल्या काही दशकांत ज्या विषयांवर सातत्याने संशोधन झाले, त्यांत समावेशक शिक्षणाविषयी शिक्षकांची अभिवृत्ती हा एक प्रमुख विषय आहे. एम.एड., एम.फिल. आणि पीएच.डी. या पदव्यांसाठी सादर झालेल्या प्रबंधांत, तसेच महाविद्यालयीन नियतकालिकांत या विषयाला सहज स्थान मिळते. विषय सामाजिक महत्त्वाचा आहे, साधन तयार मिळते आणि न्यादर्श जवळच्या शाळांतून उपलब्ध होतो. या संशोधनांचा निष्कर्षही बहुधा ठरलेला असतो : शिक्षकांची अभिवृत्ती मध्यम स्वरूपाची आहे, ती अधिक अनुकूल व्हावी यासाठी प्रशिक्षणाची गरज आहे.

हा निष्कर्ष वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु त्यामागे एक गृहीत दडलेले आहे. समावेशक शिक्षण अपेक्षेप्रमाणे रुजले नाही याचे मुख्य कारण शिक्षकाच्या मनात आहे, असे ते गृहीत होय. एकदा कारण मनात आहे असे मानले की उपायही मनावरच करावा लागतो. शाळेची रचना, मनुष्यबळ, वेळापत्रक आणि मूल्यमापन यांच्याकडे पाहण्याची निकड उरत नाही. प्रस्तुत लेखात या गृहीताची चिकित्सा केली आहे. शिक्षकाची अभिवृत्ती महत्त्वाची नाही, असे येथे म्हणावयाचे नाही. ती कशातून घडते हे न विचारता केवळ मोजत राहिल्याने व्यवस्थेचे दायित्व व्यक्तीच्या माथी मारले जाते आणि त्यात नुकसान होते ते वर्गातील मुलाचे, हा या लेखाचा प्रतिपाद्य विषय आहे.

एकात्मिक ते समावेशक : संकल्पनेतील पालट

कोठारी आयोगाने (१९६४–६६) अपंग मुलांच्या शिक्षणाचा विचार सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचा भाग म्हणून करावा, अशी भूमिका घेतली होती. १९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांसाठी एकात्मिक शिक्षण योजना सुरू केली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातही एकात्मीकरणाचाच विचार होता. एकात्मिक शिक्षणाची धारणा साधी होती : शाळा आहे तशीच राहील, जे मूल तिच्याशी जुळवून घेऊ शकेल त्याला प्रवेश मिळेल आणि जुळवून घेण्यासाठी थोडी मदतही मिळेल.

जून १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे भरलेल्या जागतिक परिषदेत ९२ देशांची शासने आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटना सहभागी झाल्या. तेथील घोषणापत्राने हा क्रम उलटा केला. मुलाने शाळेशी नव्हे, तर शाळेने मुलाशी जुळवून घ्यावे, हा त्याचा गाभा होता. पुढे सर्व शिक्षा अभियानाने शून्य नकाराचे धोरण स्वीकारले, भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराला अनुसमर्थन दिले, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाच्या प्रकारांची संख्या सातवरून एकवीसवर नेली.

२०१६ च्या अधिनियमातील समावेशक शिक्षणाची व्याख्या येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतात आणि अध्यापन व अध्ययनाची व्यवस्था निरनिराळ्या विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार यथोचित बदलली जाते, असा तिचा आशय आहे. म्हणजे कायद्याने बदलाची अपेक्षा व्यवस्थेकडून केली आहे. शिक्षकाने काय वाटून घ्यावे हे कायदा सांगत नाही. शाळेने काय करावे हे सांगतो. संशोधनाचा भर मात्र शिक्षकाला काय वाटते यावरच राहिला. कायद्याची भाषा हक्काची असताना संशोधनाची भाषा मानसिकतेची राहावी, ही विसंगती गंभीर आहे.

मापनाचा साचा आणि त्याच्या मर्यादा

या संशोधनांचा साचा परिचित आहे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीची पंचबिंदू मापनिका घ्यायची, शंभर-दोनशे शिक्षकांकडून ती भरून घ्यायची आणि लिंग, ग्रामीण-शहरी क्षेत्र, अध्यापनाचा अनुभव, शैक्षणिक अर्हता अशा चलांनुसार गट पाडून टी-मूल्य काढायचे. शून्य परिकल्पनेचा स्वीकार किंवा त्याग झाला की अभ्यास पूर्ण होतो. या साच्याविषयी तीन आक्षेप नोंदविता येतात.

पहिला आक्षेप विधानांविषयी आहे. ‘दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकण्याचा अधिकार आहे’ अशा आशयाच्या विधानाला सहमती दर्शविणारा शिक्षक वस्तुतः आपले मत सांगत नसतो, प्रचलित कायदा सांगत असतो. मापनिका जर मुख्याध्यापकांमार्फत किंवा प्रशिक्षणवर्गाच्या अखेरीस भरून घेतली गेली असेल, तर अपेक्षित उत्तर कोणते हे प्रत्येकाला ठाऊक असते. उलटपक्षी, ‘दिव्यांग विद्यार्थ्याकडे लक्ष दिल्यास इतरांकडे दुर्लक्ष होते’ या विधानाला सहमती दिली की ती प्रतिकूल अभिवृत्ती म्हणून गणली जाते. पन्नास मुलांच्या वर्गात एकट्याने शिकविणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने हे पूर्वग्रहाचे नव्हे, वस्तुस्थितीचे विधान असू शकते. मापनिकेला हा फरक कळत नाही. एकाच गुणांकनात पूर्वग्रह आणि अनुभव यांची सरमिसळ होते.

दुसरा आक्षेप ‘दिव्यांग विद्यार्थी’ या सरसकट शब्दप्रयोगाविषयी आहे. अंशतः दृष्टी असलेल्या मुलाला मोठ्या ठशातील पुस्तक आणि फळ्याजवळची जागा लागते. श्रवणदोष असलेल्या मुलाला शिक्षकाचा चेहरा सतत दिसावा लागतो आणि श्रवणयंत्र चालू स्थितीत असावे लागते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी पाठाचे लहान लहान टप्पे करावे लागतात. स्वमग्न मुलाला मधल्या सुट्टीतील गोंगाटच असह्य होऊ शकतो. या चौघांविषयी एकाच शिक्षकाची सिद्धता वेगवेगळी असणे स्वाभाविक आहे. एलियास अव्रामिडिस आणि ब्राह्म नॉर्विच यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात हेच दिसते. शिक्षकाच्या व्यक्तिगत गुणवैशिष्ट्यांपेक्षा दिव्यांगत्वाचे स्वरूप व तीव्रता यांचा, तसेच शाळेत मिळणाऱ्या साहाय्याचा अभिवृत्तीशी अधिक निकटचा संबंध असल्याचे त्यांनी नोंदविले आहे.

तिसरा आक्षेप चलांच्या निवडीविषयी आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पुरुष आणि स्त्री शिक्षकांच्या अभिवृत्तीत सार्थक फरक आढळला किंवा आढळला नाही, या निष्कर्षाचे पुढे काय करायचे? प्रशासन शिक्षकाचे लिंग बदलू शकत नाही. त्याच्या सेवेची वर्षेही बदलू शकत नाही. जे बदलता येते ते म्हणजे वर्गाची पटसंख्या, विशेष शिक्षकाच्या भेटींची वारंवारता, मदतनिसाची उपलब्धता, अध्ययन साहित्याचा पुरवठा, अशैक्षणिक कामांचा भार. नेमकी हीच चले अनेकदा मापनिकेच्या पहिल्या पानावरील माहितीतही नसतात. ज्यावर कृती करता येत नाही ते मोजले जाते आणि ज्यावर कृती करता येते ते नोंदविलेही जात नाही.

उक्ती आणि कृती

अभिवृत्ती आणि वर्तन यांचा संबंध सरळ नाही, हे सामाजिक मानसशास्त्राला फार पूर्वीच उमगले आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात नेहमी उद्धृत केला जातो. चिनी लोकांविषयी तीव्र पूर्वग्रह असलेल्या त्या काळात त्यांनी एका चिनी दांपत्यासह अमेरिकेत प्रवास केला. एकूण २५१ उपाहारगृहे व निवासस्थानांपैकी केवळ एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना प्रश्नावली पाठवून चिनी पाहुण्यांना प्रवेश द्याल का, असे विचारले असता उत्तर देणाऱ्या १२८ जणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी नाही असे कळविले. कागदावरचा माणूस आणि दारात उभा असलेला माणूस यांत असे अंतर पडले.

शाळेच्या संदर्भात या अंतराची दिशा बहुधा उलटी असते. कागदावर होकार असतो आणि दारात आडवळणाचा नकार. ‘आमच्याकडे सोय नाही, मुलाचेच हाल होतील, विशेष शाळेत घाला’ हा सल्ला अनेक पालकांच्या परिचयाचा आहे. त्याहून सूक्ष्म नकार प्रवेशानंतरचा असतो. मूल हजेरीपटावर असते, शासकीय माहिती प्रणालीत त्याची नोंद असते, वर्गात त्याला कोणी हिणवत नाही. परंतु त्याला शिकविलेही जात नाही. ते शेवटच्या बाकावर शांत बसते, वरच्या इयत्तेत जाते आणि आठवीपर्यंत पोहोचले तरी त्याला वाचता येत नाही. अशा मुलाच्या शिक्षकाची अभिवृत्ती मोजली तर ती कदाचित अत्यंत अनुकूल भरेल. त्याच्या मनात सहानुभूती आहे; किंबहुना सहानुभूतीपोटीच त्याने मुलाकडून काही अपेक्षा ठेवलेली नाही. वर्गात बसविणे म्हणजे वर्गात सामावून घेणे नव्हे. हा भेद अभिवृत्ती मापनिकेच्या कक्षेत येत नाही आणि मुलाच्या आयुष्याच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे.

नकाराचा अर्थ कसा लावावा

थॉमस स्क्रग्ज आणि मार्गो मॅस्ट्रोपिएरी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संश्लेषणात १९५८ ते १९९५ या काळातील २८ सर्वेक्षणे एकत्र अभ्यासली. सुमारे दोनतृतीयांश शिक्षकांना समावेशनाची कल्पना मान्य होती. आपल्या वर्गात ती राबविण्यास निम्म्याहून थोडे अधिक शिक्षक तयार होते. परंतु त्यासाठी पुरेसा वेळ, कौशल्य, प्रशिक्षण किंवा साधने आपल्याजवळ आहेत असे मानणारे एकतृतीयांश वा त्याहूनही कमी होते. शिवाय सर्वेक्षण कोणत्या काळातील आहे यानुसार चित्र फारसे बदलत नव्हते. हे आकडे परदेशातील असले तरी त्यांतून दिसणारी उतरंड विचार करण्यासारखी आहे. तत्त्व, तयारी आणि साधने या तीन पायऱ्यांवर होकार क्रमाने घटत जातो. घट तत्त्वाच्या पायरीवर नाही. ती साधनांच्या पायरीवर सर्वांत मोठी आहे.

याउलट अँके डी बूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २६ अभ्यासांच्या आढाव्यात प्राथमिक शिक्षकांची अभिवृत्ती बहुतांशी तटस्थ किंवा प्रतिकूल असल्याचे नोंदविले आहे. दोन आढाव्यांतील ही तफावत पाहून कोणता खरा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु शिक्षकाला तत्त्वाविषयी विचारले की एक उत्तर मिळते आणि स्वतःच्या क्षमतेविषयी किंवा स्वतःच्या वर्गाविषयी विचारले की दुसरे, हे लक्षात घेतले तर या तफावतीचे आश्चर्य वाटत नाही. शिक्षकाचा नकार हा नेहमी मुलाला दिलेला नकार नसतो. पुष्कळदा ती आपल्याला एकटे सोडले जाईल याविषयीची साक्ष असते. संशोधकाने ती दोष म्हणून न नोंदविता पुरावा म्हणून वाचली पाहिजे.

मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. शिक्षक, पोलीस, समाजसेवक अशा जनतेशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे काम अमर्याद आणि साधने तुटपुंजी असतात. त्यामुळे ते आपापल्या पातळीवर काटकसरीचे मार्ग शोधतात आणि हे मार्ग म्हणजेच प्रत्यक्षात राबविलेले धोरण असते. महाराष्ट्रातील द्विशिक्षकी शाळेचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता, दोन्हींचे सर्व विषय, शालेय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणे आणि अधूनमधून येणारी निवडणुकीची कामे असतात. अशा शिक्षकाने एका मुलासाठी स्वतंत्र पाठनियोजन केले नाही, तर ती त्याची अभिवृत्ती म्हणावी की त्याने केलेली वेळेची वाटणी?

विशेष शिक्षकांचा प्रश्न

साहाय्याच्या अभावाची न्यायालयीन दखलही घेतली गेली आहे. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या नियमित पदांविषयी निर्देश दिले. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सर्वसाधारण शाळांसाठी पहिली ते पाचवीत दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीत पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण अधिसूचित केले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा पदे निश्चित करण्याविषयी सांगावे लागले. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे कंत्राटी पद्धतीवर काम करणाऱ्या विशेष शिक्षकांचा प्रश्न प्रलंबित होता. २०२४ मध्ये राज्य शासनाने केंद्र स्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला.

हा निर्णय स्वागतार्ह आहे. तथापि एका केंद्राच्या अखत्यारीत अनेक शाळा येतात, हे ध्यानी घेता विशेष शिक्षकाचे प्रत्येक शाळेतील अस्तित्व पाहुण्यासारखे राहण्याचा धोका आहे. आठवड्याचे उरलेले दिवस मूल वर्गशिक्षकाजवळच असते. अभिवृत्तीविषयक संशोधनाने खरे तर विचारायला हवे ते हे की विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा येणाऱ्या शाळेत आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या शाळेत वर्गशिक्षकाच्या दृष्टिकोनात काही फरक पडतो का. उत्तर काहीही आले तरी त्याचा धोरणाला उपयोग होईल.

सहृदय शिक्षकाची प्रतिमा

समावेशनाचे यश शिक्षकाच्या अंतःकरणावर अवलंबून असते ही धारणा केवळ संशोधनातच नाही, ती लोकमानसातही आहे. २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तारे ज़मीन पर’ या हिंदी चित्रपटाने ती दृढ केली. वाचन-लेखनातील अक्षमता हा शब्द या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यातील मांडणी तपासण्याजोगी आहे. ईशानला ओळखणारा कलाशिक्षक निकुंभ हा शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर आला आहे. त्याला बालपणी तोच त्रास होता, म्हणून त्याला मुलाची अडचण कळते. तो आपला वेळ देऊन मुलाला शिकवितो. इतर शिक्षक मात्र कठोर आणि निर्बुद्ध दाखविले आहेत. एका बाजूला अनुकूल अभिवृत्ती, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल अभिवृत्ती असा हा संघर्ष आहे.

या कथेत शाळा बदलत नाही. मूल्यमापनाची पद्धत, वर्गाचा आकार, इतर शिक्षकांची सिद्धता, अशा मुलांचा शोध घेण्याची व्यवस्था यांपैकी काहीही बदलल्याचे दिसत नाही. निकुंभ निघून गेल्यावर त्याच वर्गातील पुढच्या ईशानचे काय होईल, या प्रश्नाला चित्रपटाकडे उत्तर नाही. कलाकृतीकडून ते मागणे कदाचित अन्यायाचे ठरेल. परंतु शिक्षणशास्त्राच्या संशोधनानेही तीच कथा आकडेवारीच्या रूपात सांगत राहावे, हे समर्थनीय नाही. असाधारण शिक्षकावर उभी राहणारी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे. सर्वसाधारण शिक्षकाला, त्याच्या सर्वसाधारण दिवशी, जे करता येईल तेच धोरण टिकते.

बदलाचा क्रम

आधी मन बदलावे, मग वर्तन बदलेल, हा क्रम प्रशिक्षणाच्या आखणीमागे गृहीत धरलेला असतो. म्हणून गटसाधन केंद्रातील उद्बोधन वर्गात दिव्यांगत्वाचे प्रकार, कायद्यातील तरतुदी आणि संवेदनशीलतेचे आवाहन यांवर भर राहतो. बी.एड.च्या द्विवर्षीय अभ्यासक्रमात २०१५ पासून समावेशक शाळेविषयीचा अभ्यासविषय आला, परंतु राष्ट्रीय आराखड्यात त्याला अर्ध्या विषयाचेच स्थान मिळाले. थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये याच्या विरुद्ध क्रम सुचविला. शिक्षक वर्गात नवी पद्धत वापरतो, तिच्यामुळे विद्यार्थी शिकताना दिसतो आणि त्यानंतर त्याची धारणा बदलते. म्हणजे अनुकूल अभिवृत्ती ही यशस्वी अनुभवाची पूर्वअट नसून बऱ्याच अंशी त्याचे फलित आहे.

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात या क्रमाला आधार सापडतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत प्रवेश देण्याचा आदेश काढला. शिक्षकांचे मनःपरिवर्तन होण्याची वाट पाहिली असती तर तो आदेश निघालाच नसता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी केलेले कार्यही येथे आठवते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, असा विचार करून त्यांनी कुरणशाळा चालविल्या. समावेशन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी शाळेने मुलाशी जुळवून घेण्याचे हे उदाहरण होते. पहिल्या उदाहरणात अधिकाराचा आदेश आहे, दुसऱ्यात शाळेच्या रचनेतील बदल आहे. दिव्यांग मुलांच्या बाबतीत दोन्हींची गरज आहे, कारण केवळ आदेशाने मूल वर्गात येते आणि रचना बदलली तरच ते शिकते.

शिक्षकाचे दायित्व

या विवेचनाचा अर्थ शिक्षकाला सर्व दोषांतून मुक्त करावे असा नाही. साधने उपलब्ध असतानाही मुलाला दूर ठेवणारा, सवलतीस पात्र विद्यार्थ्याला संशयाने पाहणारा किंवा निकालाची टक्केवारी घसरेल म्हणून प्रवेश टाळू पाहणारा शिक्षक अस्तित्वात आहे. २०१६ च्या अधिनियमानुसार शासनाने अनुदान वा मान्यता दिलेल्या शाळांनी भेदभावाविना प्रवेश देणे अपेक्षित आहे. तेथे मताला वाव नाही. शिक्षकाच्या व्यावसायिक नीतीचाही तो प्रश्न आहे. फळ्याकडे तोंड करून न बोलणे, सूचना सोप्या शब्दांत पुन्हा सांगणे, मुलाला नावाने हाक मारून प्रश्न विचारणे, सोबत्याची जोडी लावून देणे यांसाठी कोणत्याही शासन निर्णयाची आवश्यकता नाही. साधनांचा अभाव हे खरे कारण आहे. तो सोयीस्कर बहाणाही होऊ शकतो. या दोहोंतील भेद ओळखता येईल असे संशोधन व्हावे, एवढीच येथे मागणी आहे. अभिवृत्तीचा सरासरी गुणांक हा भेद दाखवू शकत नाही.

समारोप

समावेशक शिक्षणाविषयी शिक्षकांची अभिवृत्ती हा संशोधनविषय त्याज्य नाही. त्याची विचारणा मात्र बदलणे आवश्यक आहे. मापनिकेबरोबर वर्गनिरीक्षण असावे. दिव्यांगत्वाचा प्रकार व तीव्रता यांची स्वतंत्र नोंद असावी. पटसंख्या, इयत्तांची विभागणी, विशेष शिक्षकाच्या भेटी आणि साहित्याची उपलब्धता ही चले अभ्यासाच्या केंद्रस्थानी यावीत. ज्या शिक्षकांच्या वर्गात दिव्यांग विद्यार्थी प्रत्यक्ष आहे आणि ज्यांच्या वर्गात तो कधीच नव्हता, त्यांची उत्तरे एकत्र मिसळू नयेत. आणि प्रत्येक अभ्यासाने एक साधी गोष्ट अवश्य नोंदवावी : त्या वर्गातील दिव्यांग मूल गेल्या वर्षभरात काय शिकले.

अध्यापक महाविद्यालयांची जबाबदारी येथे मोठी आहे. संशोधनाचे विषय मान्य करणारे, मापनिका तपासणारे आणि शिफारशींवर स्वाक्षरी करणारे मार्गदर्शक याच महाविद्यालयांत असतात. ‘प्रशिक्षण द्यावे’ ही शिफारस पुन्हा लिहिण्यापूर्वी, आधी दिलेल्या प्रशिक्षणाचे वर्गात काय झाले हे विद्यार्थी-संशोधकाला विचारणे त्यांना शक्य आहे. शिक्षकाला काय वाटते याची पुरेशी मोजदाद झाली आहे. तसे वाटण्याची कारणे आता शाळेत जाऊन शोधली पाहिजेत.